भरपूर घातलं

आमच्या घरात काहीही सांभाळायला दिलं की आधी त्याला दाबून खाऊ घालतात. पाहुणा असो, गाय असो, नाहीतर उसाचं रान. पाहुण्याच्या ताटात तो नको नको म्हणत असताना तिसरी पोळी पडते आणि उसाला युरिया वाढत्या हातानं पडतो. मी सून म्हणून आले तेव्हा मलाही असंच वाढलं, आणि ते मला आवडलंही होतं. माझं माहेर कऱ्हाटीचं, जिरायती. आम्ही पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी रांजणात डोकावून बघायचो. इथं पळसदेवच्या बाजूला धरणाचं पाणी रानाच्या उशाशी. लाइट आली की मोटर चालू करायची आणि लाइट आहे तोवर रान भिजवून घ्यायचं, पुन्हा कधी येईल कुणाला माहीत, हा इथला धर्म. रानात पाणी साचून मीठ वर आलं, कडेचे दोन वाफे पांढरे फटक पडले, तरी धर्म काही सुटला नाही.

नवऱ्याला मी तोंडावर अहोजाहो करते. लिहिताना तो म्हणणार आहे. तेवढी सूट मी घेतलेली आहे.

ट्रॅक्टर आला तेव्हा बैल विकले आणि गोठा रिकामा पडला. त्यात फुटके पाइप, खताची पोती आणि घुशी राहायच्या. लग्नानंतर काही वर्षांनी मी तो झाडून घेतला, भिंतींना चुना दिला आणि तिथं मासे पाळायला लागले. खायचे नव्हे, काचेच्या पेटीत ठेवून बघायचे. ज्या गावात धरणातून रोज टोपल्या भरून चिलापी निघते, तिथं न खायचे मासे पाळणारी बाई म्हणजे फुकटची करमणूक. माझे सासरे, आबा, बाजेवरूनच विचारायचे, "ज्याचं कालवण व्हत न्हाय ते मासं कसलं?" हवेचा पंप लावला तेव्हा सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी गोठ्यात पाण्याला वारा घालती." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण तेव्हा मला हसायला परवडत होतं.

मी पाळायचे ते फायटर. दोन नर समोरासमोर आले की जीव जाईपर्यंत भांडतात म्हणून हे नाव, नाहीतर एवढा घरकामाचा नर मी दुसरा पाहिला नाही. पाण्यावर फेसाचं घरटं तो करतो, मादीची अंडी तोंडात धरून वर नेऊन तो चिकटवतो, एखादं खाली पडलं तर पुन्हा उचलून आणतो, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत खाणंपिणं सोडून राखण करतो. मादीला तो हाकलून देतो, ही गोष्ट वेगळी. बारामतीत शोभेच्या माशांचं एक दुकान आहे, तिथून मी पहिली जोडी आणली होती. त्या निळ्या नराच्या शेपटीत तांबूस रंगाची झाक होती. ती मला खुपायची. दरवेळी कमीत कमी तांबूस दिसणारी पिल्लं निवडून त्यांचीच जोडी लावत गेले आणि काही पिढ्यांनी असा एक नर निघाला की त्याच्यात तांबड्याचा ठिपकाही नाही. सावलीत काळा दिसायचा, ऊन पडलं की निळा. मी कामं टाकून त्याच्यासमोर बसायचे. आयुष्यात माझ्या मनात आलं आणि तसंच झालं, अशी ती एकच गोष्ट.

फायटरची पिल्लं जन्मतात तेव्हा दिसतही नाहीत, नजर बसायला वेळ लागतो. त्यांना पीठ चालत नाही, चुरा चालत नाही. समोर हलतंय तेच ती खातात. त्यासाठी आर्टेमिया लावावा लागतो. हा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, कोळंबीच्या लांबच्या भावकीतला. त्याची सुकी अंडी डब्यातून मिळतात आणि दिसायला थेट तपकिरीसारखी. सासूबाईंनी पहिला डबा उघडून हुंगलाही होता आणि नंतर दिवसभर मला दोष दिला होता. थंड पेयाच्या मोठ्या बाटलीचा तळ कापायचा, ती उलटी टांगायची, मिठाच्या पाण्यानं भरायची, चिमूटभर अंडी टाकायची, खालून हवा सोडायची आणि जवळ दिवा लावायचा. एक दिवस गेला की पाण्यात नारिंगी काहीतरी हलायला लागतं. ते जिवंत असतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटीच गोठ्यात मोठ्यानं हसले होते.

खरं काम तिथून पुढचं. हवा बंद करून थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात. तेवढीच बारीक नळीनं ओढून घ्यायची, पातळ कापडावर गाळायची, गोड्या पाण्यानं धुवायची, आणि मग ड्रॉपरनं माशांच्या टबात थेंब थेंब सोडायची. माशांची पोटं नारिंगी दिसायला लागली की हात आवरायचा. कारण गोड्या पाण्यात आर्टेमिया फार तग धरत नाही. खाल्ला गेला नाही तर मरतो, कुजतो आणि पाणी नासवतो. टरफलं पोटात गेली तर पिल्लांचं पोट तटतं. सकाळी थोडं, दुपारी थोडं, दिवस मावळायच्या आत थोडं. एवढंच शास्त्र, पण ते रोज पाळावं लागतं आणि हात आखडता ठेवावा लागतो. कऱ्हाटीच्या मुलीला ते शिकवावं लागलं नाही.

मिठावरून घरात वेगळंच नाटक. दिवेलागणीनंतर मीठ घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हा सासूबाईंचा कायदा. गोठा अंगणापलीकडे, म्हणजे तो बाहेर. मी सकाळीच मिठाची बरणी भरून नेऊन ठेवायचे. आबा एकदा म्हणाले, "आपल्या रानात ढिगानं मीठ वर आलंय, तितलं खरवडून घे की!" त्या घरातला माझ्या माशांवरचा तेवढाच एक चांगला विनोद मला आठवतो.

मग थोरल्या दिरांच्या डोक्यात जर्सी गायी आल्या. त्यांना गोठा हवा होता. गोठा गाईचाच, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बोलले. नवरा माझ्या बाजूनं बोलला, हे सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "तिचं चाललंय ते चालू द्या." आबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "पाडव्याला मी सोता बघणार. गोठ्यात बघण्याजोगं मासं असलं तर मासं ऱ्हातील. नसलं तर गाया यितील. मग कुणी रडायचं न्हाय."

मला तो निवाडा पटला. माझ्याजवळ तेव्हा त्या निळ्या नराची नुकतीच फुटलेली पिल्लं होती, टबांतून शेकड्यानं. बारामतीच्या दुकानदारानं फोनवर नराचे फोटो बघितले होते आणि पिल्लांना रंग चढला की सगळी मला दाखवा, पुढंही तुमच्याकडूनच घेत जाईन, असं म्हणाला होता. आबांना हेच सांगता आलं असतं. बारामतीच्या दुकानातून मागणी आली म्हटल्यावर आमच्या घरात देवसुद्धा पटतो. नर मात्र म्हातारा झाला होता. पिल्लं पोहायला लागली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. मादी त्याच्या आधीच गेली होती. म्हणजे जे होतं ते त्या टबांत होतं. ती पिल्लं जगली तर गोठा माझा आणि तो निळा रंगही माझा. नाहीतर दोन्ही नाही.

अशात कऱ्हाटीहून भावाचा फोन आला. "आईचं काय खरं न्हाय. येऊन जा." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. अशा वेळी कुठली मुलगी टबांकडे बघेल? तरी मी बघितलं. नवऱ्याला गोठ्यात नेऊन सगळं करून दाखवलं. हवा बंद करायची, थांबायचं, उजेडाकडचं तेवढंच ओढायचं, धुवायचं, थेंबानं घालायचं. तो मान डोलवत होता. "कळलं का?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "अगं, यवढ्या एकरांचा ऊस जगवतूय मी. ही चिमूटभर पोरं जगवता येत न्हाईत व्हय? तू जा निवांत." त्याच्या बोलण्यात माया होती. मी गेले.

कऱ्हाटीला पोचले तर आई ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. पाय सुजला होता, हे खरं. डॉक्टरनं चालू नका म्हटलं होतं, हेही खरं. पण काय खरं नाही असं काही नव्हतं. वहिनीच्या भावाचं लग्न होतं. तिला आणि भावाला माहेरी जायचं होतं आणि आईला भाकरी करून घालायला घरात कुणीतरी हवं होतं. सरळ बोलावलं असतं तर मी आले नसते, असा भावाचा हिशेब. मी चिडून आईला म्हटलं, "तुला तरी सांगता आलं नाही का?" आई शेंगा फोडायची थांबली नाही. म्हणाली, "तू मासं सोडून येतीस का कवा? मरायला टेकल्याबिगर लेक दिसत न्हाय." वहिनी नवी साडी नेसून गाडीत बसली आणि मी चुलीपुढे बसले.

मी रोज फोन करायचे. "घातलं का?" "घातलं की. भरपूर घातलं." पहिल्याच दिवशी त्या शब्दावर मी त्याला अडवलं. म्हटलं, भरपूर नको हो, थेंब थेंब. तो हसला, "व्हय व्हय, थेंबच." दुसऱ्या दिवशी मस्त आहेत म्हणाला. तिसऱ्या दिवशीही मस्त. मग पुढं मीच बोलणं आवरतं घेत गेले, कारण आईचा कान फोनकडे असायचा आणि मला तिचं पुढचं वाक्य ऐकायचं नव्हतं.

भाऊ-वहिनी लग्नाहून आले त्याच दिवशी मी निघाले. नवरा फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. वाटेत आईचा पाय, लग्नातलं जेवण, मोटर जळाली ते, सगळं बोलला. माशांचं मी विचारलं तर म्हणाला, "बघ की घरी गेल्यावर." मला वाटलं, रंग चढायला लागला असेल, मला चकित करायचं असेल. पिशवी अंगणातच ठेवून मी गोठ्यात गेले.

टब घासूनपुसून लखलखीत होते. पाणी आरपार दिसत होतं. आणि त्यात गप्पी फिरत होते. पिवळे, तांबडे, ठिपक्याठिपक्यांचे, शेपट्या हलवणारे, पूर्ण वाढलेले गप्पी. कुठल्याही दुकानात मिळतात, डबक्यात सोडले तरी वाढतात, ते. मी एका टबावरून दुसऱ्या टबावर गेले. सगळीकडे तेच. तो दारात उभा होता, शाळेत वर्ग झाडून बाईंची वाट बघत थांबल्यासारखा.

"माझी पिल्लं कुठायत?"

"गेली ती," तो म्हणाला. "पन मी नांग्या भरल्या बघ."

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लागण केल्यावर सरीत मधेमधे कांडी उगवत नाही, त्या मोकळ्या जागेला नांगी म्हणतात. दुसरीकडून रोपं आणून तिथं लावायची, की रान पुन्हा सारखं दिसतं. माझ्या नवऱ्यानं बारामतीला जाऊन, त्याच दुकानातून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून गप्पी आणून माझ्या टबांत नांग्या भरल्या होत्या.

"गेली कशानं?"

मग त्यानं सांगितलं. फोनवर लपवलेलं आता लपवलं नाही, उलट सगळं नीट ओळीनं सांगितलं, आणि तेच मला जास्त लागलं. "त्या आठवड्यात लाइट रातीची व्हती. राती उसाच्या पाण्याला दारं धरायचं आन् दिवसाचं तीनदा हितं थेंब मोजत कोण बसणार? म्हटलं, एकदाच घालावं दाबून. खातील निवांत. तुझी बाटली बारीक पडती म्हणून मी मोठा कॅन लावला."

"आणि त्यातलं सगळं घातलं?"

"सगळं. ठिवायचं कशाला?"

"टरफलासकट? खाऱ्या पाण्यासकट?"

"आता त्यात काय निवडायचं? तांदूळ हायेत व्हय?"

मी खाली बसले. तो पुढं सांगत होता, "सकाळी बघतूय तर पाणी दुधावानी. वास बी सुटल्याला. पोरं सगळी वर तोंडं करून हुबी. म्हटलं, भूक लागली आसंल, म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून आनखी घातलं."

मेलेली पिल्लं त्यानं उसाच्या सरीत ओतली होती. "वाया न्हाय घालवलं," म्हणाला. "खत झालं."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो त्याच्यावर नीट बसेना, ह्याचाही राग आला. त्यानं दुष्टपणा केला नव्हता. आळस केला होता थोडा, पण अख्ख्या गावाला येतो तसाच. त्यानं उसाला द्यावं तसं दिलं. लाइट आहे तोवर, हात आहे तोवर, पोटभर, पुढच्या आठ दिवसांचं आजच. उसानं त्याला आजवर कधी नको म्हटलेलं नाही. रानाच्या कडेला पांढरं पडलेलं दिसतं, पण त्याला आम्ही जमिनीचा दोष म्हणतो. तो मला शिव्या देऊ देत होता, चहा टाकू का विचारत होता आणि मधेच एका टबाकडे बोट दाखवून म्हणत होता, "ह्यो तांबडा बघ की कसला झ्याक हाय." मी बघितलं नाही.

निळा रंग पुन्हा आणायचा तर कुठून आणणार? नवी जोडी, नवी झाक, पुन्हा सगळ्या पिढ्या. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तुमचे मिस्टर येऊन गेले की. फार सज्जन माणूस. म्हणाले, बायकोला वाईट वाटायला नको, चांगले रंगीत द्या." मी त्याला माझ्या फायटरचं काय झालं ते सांगितलं. तो हळहळला आणि गप्पीसाठी एक नवीन खाणं आलंय म्हणून सांगायला लागला. गप्पीला आर्टेमिया लागत नाही. ते काहीही खातात. बाटली खिळ्याला उलटी टांगलेली होती, ती मी काढून ठेवली.

पाडवा आला. गुढी उभारली, सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला वाटला आणि आबा बाजेवरून उठले. थोरले दीर मागोमाग. मी गोठ्याच्या दारात उभी होते आणि ठरवून टाकलं होतं की आज गाया येतील, रडायचं नाही. खरं सांगायचं तर गाया याव्यात असंच मला वाटत होतं. रिकाम्या टबांचं दुःख करता येतं, लोक समजून घेतात. भरलेल्या टबांचं काय करायचं?

आबा कंबरेवर हात ठेवून टबाजवळ वाकले. सकाळचं ऊन थेट पाण्यात पडलं होतं आणि गप्पी आपलं वळवळत होते. बराच वेळ ते बघत राहिले. मग पोरासारखे हसले.

"हां! ह्याला म्हणत्यात मासं! आदी हिचं कायतरी काळंनिळं व्हतं, ते दिसत बी न्हवतं. ह्ये बघा कसं डोळ्यात भरतंय." थोरल्या दिरांकडे वळून म्हणाले, "तुझ्या गायांना पत्र्याचं शेड घाल तिकडं. ह्यो गोठा आसाच ऱ्हाऊ दे." मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाई माहेराला जाऊन बसली, पन ह्यानं एकल्यानं राखलं सगळं. शाबास!"

सासूबाईंनी मान हलवली. दिरांनी माझ्याकडे बघून तोंड वळवलं. मी नवऱ्याकडे बघत होते. आता बोलेल, निदान एवढं तरी म्हणेल की हे तिचे नव्हेत, तिचे मेले. तो टबाकडे बघत होता. आबांचा हात पाठीवर असेपर्यंत तसाच वाकून बघत राहिला.

दुपारी पुरणपोळीची जेवणं झाली. त्याच्या पानात सासूबाईंनी आग्रहानं जादा पोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि त्यानं ती खाल्ली. पानं उचलून झाल्यावर मी त्याला गोठ्यात गाठलं. तो चिमटीत खाणं घेऊन गप्पींना घालत होता.

"आबांना खरं का नाही सांगितलंत?"

त्यानं हात झटकला. माझ्याकडे असं बघितलं की हे मला कसं कळत नाही.

"खरं सांगितलं आसतं तर आज हितं गाया बांधल्या आसत्या," तो म्हणाला. "तुझ्यापायीच गप बसलो की."

आणि ते खरं होतं. खोटं असतं तर मला त्याच्याशी जन्मभर भांडता आलं असतं.